पारोसे मोजे

नळीच्या तोंडावर तिने रबरी हातमोजा चढवला, वरून पट्टी आवळली आणि लिटरभर पाणी आत सोडलं. मोजा फुगत फुगत खाली लोंबला. तिने करंगळीपासून बघायला सुरुवात केली. बोटांची टोकं, मधल्या बेचक्या, अंगठ्याचं मूळ, तळवा. सगळं कोरडं. शेजारच्या नळीवरच्या मोज्याला मात्र मधल्या बोटाखाली पाणी पाझरत होतं. इतकं बारीक, की त्याच्यासमोर उभ्या असलेल्या नव्या बाईला ते दिसलंच नव्हतं.

"हा बाद," ती म्हणाली.

"काय झालंय त्याला?"

"खालून बोट फिरव म्हणजे कळेल. आत डॉक्टरचं बोट असतं, बाहेर कोणाचं रक्त, कोणाचा पू. एवढ्याशा भोकातून सगळं आत शिरतं, बाई. डोळे काय शोभेला दिलेत?"

नव्या बाईने निमूटपणे मोजा काढून बादच्या पिंपात टाकला. तपासणाऱ्या हिला कारखान्यात सगळे टिपूस म्हणत. कोणाच्याही नजरेतून पाण्याचा टिपूस सुटेल, हिच्या सुटायचा नाही, म्हणून. हे नाव कोणी पाडलं कोण जाणे, पण नव्याने येणाऱ्यांना तेच खरं नाव वाटायचं आणि तीही कोणाला दुरुस्त करायला जात नसे. आयुष्यात दुसरी कुठली पदवी मिळणार होती तिला?

"टिपूस, ऑफिसात तुझ्या नवऱ्याचा फोन आहे," सुपरवायझर दारातून म्हणाला.

नवरा बसवर कंडक्टर होता. डबल बेल मारण्यापलीकडे कशाची घाई न करणारा माणूस. ड्यूटीच्या वेळी त्याने फोन केला म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

"कॉलेजातून फोन होता," तो म्हणाला. "घाबरू नका म्हणाले. मुलगी आता शुद्धीवर आहे."

आता शुद्धीवर आहे म्हणजे मघाशी नव्हती. एवढं कळायला लेकीसारखं नर्सिंग शिकावं लागत नाही. तिने रिसीव्हर खाली ठेवला, एप्रन तिथेच खुर्चीवर फेकला आणि होती तशी निघाली.

कॉलेजच्या हॉस्पिटलात मुलगी खाटेवर उशीला टेकून बसली होती. डोळे सुजून बारीक झाले होते, ओठ जाड झाले होते, मानेवर लाल गांधी उठल्या होत्या. नाकाला ऑक्सिजनची नळी होती. आईला बघून ती हसायला गेली आणि ते हसू बघवेना.

"काय खाल्लंस गं?"

"काही नाही. मोजे घातले."

"कसले?"

"हाताचे. आज ऑपरेशन थिएटरमध्ये पहिला दिवस होता. सिस्टरांनी सगळ्यांना घालायला लावले. एकदम पावडर उडाली आणि मग छातीवर कोणी बसलंय असं झालं. पुढचं नाही आठवत."

तिने पुढे होऊन लेकीला पोटाशी धरलं. क्षणभरच. मुलगी खोकायला लागली, हाताने तिला ढकलायला लागली.

"लांब हो. आई, लांब हो ना!"

मागून कोणीतरी तिचा दंड धरून तिला बाजूला घेतलं. ही त्यांची शिकवणारी सिस्टर. उंच, ताठ, आवाजही तसाच. मुली तिला पाठीमागे छडी म्हणत. घरी जेवताना तिच्या इतक्या गोष्टी व्हायच्या, की टिपूसने तिला बघताक्षणी ओळखलं. छडी तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली.

"रबराची अ‍ॅलर्जी आहे. मला तरी दुसरं काही वाटत नाही. याआधीही वॉर्डात हात सुजले होते म्हणे तिचे. लपवून ठेवलं. आज मैत्रिणीने सांगितलं."

"मोजे फाटके होते का?"

"फाटक्याचा काय संबंध?"

"नाही, म्हणजे भोक नसलं म्हणजे मोजा चांगलाच ना?"

"भोक नसलं म्हणजे बाहेरचं आत येत नाही, एवढंच," छडी म्हणाली. "हे मोज्याच्या अंगातच असतं. रबराच्या झाडाचा चीक असतो ना, त्यात एक प्रथिन असतं. कारखान्यात मोजे गरम पाण्याने नीट धुतले, तर बरंचसं निघून जातं. नाही धुतले, तर राहतं. पावडरीला चिकटून हवेत उडतं. पुष्कळ दिवस अंगाला लागत राहिलं की एखाद्याचं शरीर बिथरतं. सगळ्यांचं नाही, एखाद्याचंच."

"धुतले नाहीत तर राहतं?"

"हो. का?"

"काही नाही," टिपूस म्हणाली.

कारखान्यात सकाळी यंत्र सुरू झालं, की धुण्याच्या टाकीतलं पाणी तापायला वेळ लागे. साचे काही त्यासाठी थांबत नसत. चिनी मातीच्या हातांची ती रांग चिकात बुडून वर यायची, गार पाण्यातून नुसतीच जायची आणि भट्टीत शिरायची. पाणी तापेपर्यंत जे मोजे उतरत, ते विकायचे नाहीत असा नियम होता. त्यांचा वेगळा ढीग पडायचा. अंघोळ न केलेले, म्हणून बायका त्यांना पारोसे म्हणत. "आज पारोसे किती निघाले गं?" असं विचारत आणि पिशव्या भरून घरी नेत. नाहीतरी जाळायचेच होते, त्यामुळे सुपरवायझरही त्या वेळी नेमका खिडकीबाहेर बघायचा. अंघोळ कशासाठी, तर वास जावा, चकाकी यावी, असंच सगळ्यांना वाटे. आपल्या घरात चकाकी कोणाला हवी होती!

टिपूसच्या घरी पारोशांचं राज्यच होतं म्हणा. बरणीच्या तोंडाला पारोसा, गळक्या नळाला पारोसा. मोज्याच्या मनगटाच्या चकत्या कापून लेकीच्या वेण्यांना बांधायला रबरं. मोजा फुगवला की पाच शेंड्यांचा कोंबडा होई, त्याला शाईने डोळे काढले की पोर दिवसभर रडायची नाही. आणि त्याच्याही आधी, पोरगी अंगावर पीत नव्हती तेव्हा, मोज्याचं बोट कापून तिने बाटलीला बसवलं होतं. बाजारातलं बूच कोणी कुठे हाताळलेलं असेल, देव जाणे. हे कसं, डॉक्टरच्या हातात जाणारं. जगात याहून स्वच्छ काय असणार? बाळाच्या तोंडात जायची वस्तू म्हणून तिने त्यातला एकेक मोजा पाणी भरून तपासला होता. एकालाही भोक नव्हतं.

फुगे फुगवून पोरीचे ओठ सुजायचे. नवरा हसायचा. "फुगा फुगवता फुगवता तोंडच फुगलं बघ!" म्हणायचा आणि तीही हसायची. दोघंही किती हसायचे! तिला आत्ता ते आठवलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"ऐकताय ना?" छडी विचारत होती. "तिला अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे पाठवतोय. ते काय लिहून देतात त्यावर सगळं आहे. हा त्रास इथे काम करताना लागला असं त्यांनी लिहिलं, तर कॉलेजला तिला ठेवून घ्यावंच लागतं. तिच्यासाठी दुसऱ्या जातीचे मोजे आणायचे, ती असेल तिथे पावडरवाले बंद करायचे. वरचे लोक कुरकुर करतील, पण करावं लागेल. आणि आधीपासूनचा असेल, घरून घेऊन आलेली असेल, तर मग प्रवेशच चुकीचा ठरतो. नाव काढून टाकतात. गेल्या वर्षी एकीचं काढलं."

"दोनदा परीक्षा दिली हो तिने या जागेसाठी."

"माहीत आहे मला. चांगली मुलगी आहे. पेशंट तिचं नाव घेऊन हाक मारतात, माझं कोणी घेत नाही." छडी थांबली. टिपूसच्या खांद्याकडे, बाहीकडे, केसांकडे बघत राहिली. सगळीकडे पांढरी भुकटी बसली होती. "तुम्ही घरीच असता ना? ती म्हणाली होती तसं."

मुलीने कॉलेजात आई घरीच असते असं सांगितलंय, हे टिपूसला ठाऊक होतं. एकदा मैत्रीण घरी आली तेव्हा ऐकलं होतं तिने. वाईट वाटलं होतं, पण पोरीच्या वयाला असतं असं, म्हणून गिळलं होतं. आज ते खोटंच उपयोगी पडत होतं.

"घरीच असते," ती म्हणाली. "पीठ सांडलं अंगावर."

छडीने तिच्या खांद्यावरची पावडर दोन बोटांनी झटकली आणि ती बोटं रुमालाला पुसली.

"डॉक्टरांकडे जाताना अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जा," ती म्हणाली. "आणि ते विचारतील ते नीट आठवून सांगा."

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. एरवी प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे टोमणा तयार असायचा. बसमध्ये उभं आयुष्य गेलेला माणूस, जिभेला हाड नाही. पण आज पाण्याचा पेला हातात धरून तो नुसता बसून राहिला.

"म्हणजे आपणच पाजलं," तो शेवटी म्हणाला.

"मी पाजलं. तुम्ही कुठे होता?"

"फुगे मीच बांधून द्यायचो." त्याने पेला खाली ठेवला. "जाऊ दे. झालं ते झालं. आता तोंड उघडायचं नाही, बस्स. कारखाना नाही, मोजे नाहीत, काही नाही. तू घरी, मी बसवर."

"डॉक्टरला खोटं सांगायचं?"

"एवढी वर्षं खरं बोललीस, कोणी हार घातला का गळ्यात?"

मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. सूज उतरली होती, पण चेहरा ओळखीचा वाटत नव्हता. कधीपासून ऐकत होती कोण जाणे.

"बाळा, मला माहीत नव्हतं गं," टिपूस म्हणाली.

"माहीत असतं तर कशाला दिलं असतंस?" मुलगी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "आई, एक ऐक. मी डॉक्टरांशी बोलेन. तू नुसती बस. मला हे सोडून दुसरं काही यायचं नाही आणि मला दुसरं काही नकोय. मी घरी बसले तर काय करू? तू रोज संध्याकाळी अंगाखांद्यावर ते घेऊन येणार आणि मी खोकत बसू?"

नोकरी सोडते असं म्हणायला तोंड उघडलं होतं टिपूसने, पण नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात घर आणि कॉलेज दोन्ही चालत नाही, हे तिघांनाही माहीत होतं. ती उठली आणि अंगावरचे कपडे बदलायला गेली. त्या दिवसापासून ती कारखान्याचे कपडे बाहेरच्या बाहेर बादलीत टाकू लागली, न्हाऊनच घरात पाऊल ठेवू लागली.

अ‍ॅलर्जीचे डॉक्टर हळू बोलणारे, चेहऱ्याने सज्जन गृहस्थ होते. टेबलावर कागद कमी आणि बाटल्या जास्त. त्यांनी मुलीला समोर बसवलं, टिपूसला बाजूच्या स्टुलावर.

"घरात कोणी रबराच्या कामात? टायर, फुगे, चपला, मोजे?"

"नाही," मुलगी म्हणाली.

"वडील?"

"बस कंडक्टर."

"आई?"

"घरीच असते."

"लहानपणी फुगा फुगवताना कधी ओठ सुजले? खाज?"

"नाही. कधीच नाही."

टिपूस मांडीवरच्या पर्सचा बंद पिळत होती. किती सफाईने बोलते ही पोरगी! पापणीसुद्धा लवत नाही. हे आपल्याकडून आलं, की आपण कशात कमी पडलो म्हणून आलं, ते तिला कळेना.

"छान," डॉक्टर म्हणाले. त्यांनी एक छोटी बाटली उजेडाकडे धरून हलवली. "मग आत्ताच टोचून बघू. रक्ताची तपासणीही होते, पण तिचा निकाल यायला वेळ लागतो आणि तुमच्या कॉलेजला धीर नाही. हे बघा, मी उगाच खोदून खोदून विचारत नाही. काही महिन्यांचाच संबंध असेल, तर या टोचणीने फार तर गांध उठेल. पण काही लोकांचा लहानपणापासूनचा असतो. त्यांना एवढासा थेंबही पुरतो. श्वास बंद पडतो. इंजेक्शन मी जवळ ठेवतोच, पण तेही प्रत्येक वेळी वेळेवर लागू पडेल असं नाही. अशा माणसाला मी टोचतच नाही. जुना त्रास आहे असं लिहून देतो आणि मोकळा होतो. तर परत विचारतो. फक्त इथे आल्यापासूनचंच ना?"

"हो," मुलगी म्हणाली आणि तिने बाही वर केली. "टोचा."

डॉक्टरांनी तिच्या हातावर शाईने गोल काढले. कापसाने पुसलं. सुई उचलली. मुलगी समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिच्या गळ्याजवळची शीर उडत होती आणि ती फक्त टिपूसला दिसत होती.

"थांबा," टिपूस म्हणाली.

"आई, गप्प बस."

"थांबा हो डॉक्टर. मी मोज्यांच्या कारखान्यात आहे. हिच्या जन्माच्या आधीपासून. मी हिला मोज्याच्या बोटाने दूध पाजलंय. केसांना तेच, खेळायला तेच. धुतलेले पण नाहीत, पारोसे. ओठ सुजायचे हिचे. आम्ही हसायचो. टोचू नका, हात जोडते तुम्हाला, टोचू नका."

एवढं सगळं तिने एका दमात सांगितलं. आवाज चिरकला, पर्स खाली पडली. पारोसे म्हणजे काय हे डॉक्टरांना कळायचं कारण नव्हतं, हे तिच्या नंतर लक्षात आलं. डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि आधी टिपूसकडे, मग मुलीकडे बघितलं. मुलगी अजून भिंतीकडेच बघत होती.

"तुम्ही जरा बाहेर बसा," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "मी हिच्याशी बोलतो."

बाहेरच्या बाकावर ती बसली. पोरीची जागा गेली, आपल्या तोंडाने गेली. दोनदा परीक्षा देऊन मिळालेली, पास झाल्यावर शेजारीपाजारी जिच्या गप्पा महिनाभर चालल्या, ती जागा. आता पोरगी बोलणार नाही आपल्याशी. वर्षभर नाही बोलणार, दोन वर्षं नाही बोलणार. न बोलू दे. जिवंत तर राहील. शिव्या घालायला का होईना, समोर तर राहील. नवऱ्याला काय सांगायचं ते तिने मनात दोनतीनदा जुळवून बघितलं. आणि खरं सांगायचं तर मोठा दगड उतरल्यासारखंही तिला वाटत होतं. आपण बोललो, वेळेवर बोललो. कोणीतरी तिला शाबासकी द्यायला हवी होती. पण बाकावर दुसरं कोणी नव्हतं.

दार उघडून मुलगी बाहेर आली आणि मध्ये एका माणसाची जागा सोडून बसली. बाही कोपराच्या वर दुमडलेली होती. हातावर शाईचे गोल होते आणि प्रत्येकाच्या मध्ये बारीक लाल ठिपका.

"हे काय?"

"टोचलं. थोडा वेळ इथेच थांबायचंय. श्वास लागला तर हाक मार म्हणाले."

"अगं, पण मी सांगितलं ना त्यांना सगळं! ऐकलं ना त्यांनी?"

"ऐकलं."

"मग?"

मुलगी हाताकडे बघत म्हणाली, "मी सांगितलं, तुझं डोकं ठिकाणावर नसतं."

टिपूसला आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"सांगितलं, पुष्कळ वर्षं झाली. कुठल्याशा कारखान्याचं काहीबाही बोलतेस. घरी आम्ही मनावर घेत नाही. एकटीला सोडता येत नाही म्हणून बरोबर आणलं."

"आणि त्यांनी मानलं?"

"लगेच," मुलगी म्हणाली. "म्हणाले, बोलण्यावरून वाटलंच होतं मला."

टिपूसचा हात वर उठला. मारायलाच उठला होता, यात शंका नाही. पण हातावरचा पहिला गोल तिच्या डोळ्यांसमोर होता. ठिपक्याभोवती कातडी पांढुरकी होऊन वर यायला लागली होती, कडेला लाली पसरत होती. तिने हात खाली घेतला.

"तू मला दुसरा मार्ग ठेवलास का?" मुलीने विचारलं. आता तिचा आवाज कापत होता. "मी तुला सांगितलं होतं, नुसती बस."

"तुझा जीव गेला असता."

"माझा होता ना?"

तेवढ्यात टिपूसला शीळ ऐकू आली. मुलीच्या छातीतून, श्वास आत घेताना. अगदी बारीक. मुलगी तोंड मिटून नाकाने श्वास घेत होती, सावकाश, शिकवल्यासारखा. खांदे मात्र वर-खाली होत होते. टिपूस अर्धवट उठली. मुलीने तिचं मनगट पकडलं.

"हाक मारलीस तर मी पुन्हा तुझं तोंड बघणार नाही."

"अगं, छाती वाजतेय तुझी."

"वाजू दे. थांबेल. बस खाली. पाया पडते, आई, बस."

ती बसली. लेकीची बोटं तिच्या मनगटात रुतली होती. कितीतरी दिवसांनी पोरीने तिला हात लावला होता. शीळ वाढली, मग तशीच राहिली, मग जराशी कमी झाली असं वाटलं. खरंच कमी झाली, की आपल्याला तसं वाटावंसं वाटतंय, हे टिपूसला सांगता आलं नसतं. दाराचा आवाज झाला तशी मुलीने तिचं मनगट सोडलं.

डॉक्टरांनी वाकून हात बघितला, पट्टीने गांध मोजली.

"आहे. चांगलीच आहे," ते म्हणाले. "श्वास?"

"ठीक आहे," मुलगी म्हणाली. दोनच शब्द, म्हणून निभावलं.

"ही गोळी घ्या आत्ताच. वॉर्डात लागलेला त्रास आहे असं लिहितो. तुम्हाला वेगळे मोजे द्यायला सांगतो. शिकायचं सोडायची काही गरज नाही. तुमच्यासारख्या मुली हव्यात आम्हाला." मग ते टिपूसकडे वळले. थोडे खाली झुकले आणि लहान मुलाशी बोलावं तसं, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "काय मावशी? बऱ्या आहात ना? कारखाना काय म्हणतोय तुमचा?"

मुलीचं डोकं वर उठलं. इतक्या वेळात पहिल्यांदा तिने आईच्या डोळ्यांत बघितलं. त्या डोळ्यांत काय होतं ते टिपूसला लख्ख दिसलं. पोरगी भ्यायली होती. श्वासाला नव्हे, आईला.

टिपूसने डॉक्टरांकडे बघितलं. मग ती हसली. सगळे दात दिसतील असं, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"कुठला कारखाना?" ती म्हणाली. "माझी आई येणारे मला न्यायला. आली का हो?"

"येईल हं, येईल," डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि आवाज उतरवून मुलीला म्हणाले, "सांभाळा यांना."

"सांभाळते," मुलगी म्हणाली आणि तिने बाही खाली ओढली.